सुटलं, धन्यवाद

अण्णा,

तुम्ही गेल्याचं मी ग्रुपवर लिहिलं, त्याला काल नऊ दिवस झाले. अजून एकानंही काही लिहिलेलं नाही. माझ्या त्या चार ओळींखाली 'उत्तरे शून्य' असं येतं. सकाळी युनिटचं कुलूप काढायच्या आधी मी फोन काढून ते बघते, दुपारी डबा खाताना बघते, आणि प्रत्येक वेळी वाटतं की आपल्याच फोनचं नेट गेलं असेल. ज्या माणसानं इतकी वर्षं जगभरातल्या लोकांची अडलेली कामं मोकळी केली, तो गेला तर कुणीतरी निदान अरेरे म्हणेल, एवढीच माझी अपेक्षा होती. एक माणूस यावा आणि त्यानं म्हणावं, हो, यांनी मला एकदा तारलं होतं. तेवढं आलं की नातेपुत्याला जाऊन तुमच्या घरी काकूंना वाचून दाखवायचं, असं ठरवून बसले होते. अजून बसलेच आहे.

त्या चार ओळी लिहायला मला अख्खा दिवस लागला. पहिल्यांदा लिहिलं ते कंपनीच्या नोटिशीसारखं झालं. दुसऱ्यांदा असा गळा काढला की तुम्ही वाचलं असतंत तर म्हणाला असतात, "आगं, सर्किटचं कार्ड जळालंय का मानूस मेलाय?" तिसऱ्यांदा मग सरळ लिहिलं, की इथं ज्यांना तुम्ही 'नातेपुते' या नावानं ओळखत होता ते गेले, मी सोलापूरची, त्यांनी मला शिकवलं, कुणाला त्यांची एखादी आठवण असेल तर इथं लिहावी. इंग्रजीत तुमच्याबद्दल याहून जास्त मला बोलता येत नाही. मराठीत तरी कुठं जमतंय.

नातेपुत्याला मी तिसऱ्या दिवशी पोचले होते. काकू इतक्या शांत होत्या की मला भीतीच वाटली. त्यांनी मला आत नेऊन बसवलं आणि विचारलं, "सुजाता, खरं सांग, ते नक्की काय करायचे गं? चाळीस वर्सं संसार केला, मला काय कळलं न्हाई."

मग मी सांगत बसले. म्हटलं, काकू, अशी एक चिप असते. दुकानातून आणली की पाटीसारखी कोरी. तिच्या पोटात काय कशाला जोडायचं ते आपण लिहून ठरवायचं. मग ती कुणाच्या मागावर नक्षी विणते, कुणाच्या दवाखान्यातलं मशीन चालवते. पण लिहिताना चूक झाली तर ती डोळ्याला दिसत नाही, सगळा कारभार पोटात. आणि हे काम करणारी माणसं गावागणिक एखाद-दुसरी, शेजारी जाऊन विचारावं असं कुणी नसतं. म्हणून इंटरनेटवर एक ग्रुप होता. ज्याचं अडलं त्यानं विचारायचं, ज्याला येतं त्यानं सांगायचं, आणि सगळं चारचौघांसमोर. अण्णा सांगणाऱ्यांतले होते. काकूंनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे पारावरची बैठक की," म्हणाल्या. "मग आता कोन कोन बसतंय तितं?" मी पाणी आणायचं निमित्त काढून उठले.

बारा वर्षांपूर्वी मी तिथं आले तेव्हा बसायला जागा नव्हती, तुम्हाला माहीतच आहे. सकाळी चहा गाळेपर्यंत पानभर नवे प्रश्न पडलेले असायचे. एकानं उत्तर दिलं की दुसरा त्याची चूक काढायचा, तिसरा दोघांनाही वेड्यात काढायचा, आणि या भांडणात विचारणाऱ्याचं काम होऊन जायचं. त्या गर्दीत 'नातेपुते' हे नाव बघून मी डोळे चोळले. जर्मनीतली माणसं 'डिअर मिस्टर नातेपुते' म्हणून अदबीनं लिहीत होती. आता आमच्या एसटी स्टँडवर जे नाव पाट्यांवर दिसतं, ते आडनाव कुणाचं असणार? मी वेगळा निरोप टाकला, तुम्ही माळशिरस तालुक्यातले का म्हणून. तुमचं उत्तर आलं, 'गाव तिकडचं. राहायला जुळे सोलापूर. तुमचं कार्ड कुठे आहे?' बाई कुठली, कुणाची, काय करते, काही नाही. कार्ड कुठं आहे.

कार्ड अक्कलकोट रोड एमआयडीसीत होतं, आमच्या टॉवेलच्या युनिटमध्ये. आमचं तेलुगू विणकरांचं घर. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आले होते आणि मागावर बसवायचं कार्ड, म्हणजे तसली चिप बसवलेला छोटा बोर्ड, बाहेरून न आणता स्वतःच बनवायच्या नादाला लागले होते. नक्षीची कितवी ओळ आहे आणि त्यासाठी कुठले धागे उचलायचे, हे माझं कार्ड मागाला सांगायचं. सगळं ठीक चालायचं, आणि मग मधेच एखादी ओळ दोनदा विणली जायची. कधी दहा टॉवेलांत एकदा, कधी सकाळपासून एकदाही नाही. मोराची मान मधेच जाड. नान्नांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आठ दिवसांची मुदत दिली होती. नाही जमलं तर कार्ड काढून जुनं लावायचं आणि मी मुकाट्यानं नोकरी शोधायची.

तुम्ही सायकलवरून आलात, डोक्याला टॉवेल गुंडाळून. नान्नांना वाटलं, मागावर काम मागायला कुणीतरी आलंय. तुम्ही गठ्ठ्यावर बसलात आणि तासभर नुसता माग ऐकलात. कार्डाला हातही लावला नाहीत. नान्ना मला तेलुगूत म्हणाले, "ईयनकि एम तेलुसु?" यांना काय कळतंय? तुम्ही मान न वळवता म्हणालात, "काय बी न्हाई मालक. म्हनून तर ऐकतोय की." त्या दिवशी चहा नान्नांनी स्वतः आणला. मग मी सिग्नलचा आलेख पडद्यावर लावून दिला, तर तुम्ही दोन बोटं हनुवटीला लावून तो बघत राहिलात. तुमचे वडील मेंढरं राखायचे. मेंढरं मोजायची नसतात, नुसतं बघून एक कमी आहे हे कळावं लागतं, असं पुढं तुम्हीच मला सांगितलंत. तसं बघत होतात. पण उत्तर काही सांगितलं नाहीत. "ग्रुपवर टाक समदं. तितं बोलू," म्हणालात आणि सायकलवर टांग टाकून गेलात. मला असा राग आला होता!

तीन दिवस ग्रुपवर तुम्ही मला उलट प्रश्नच विचारत राहिलात. बाहेरून येणारा सिग्नल कुठं वाचतेस? किती ठिकाणी? मुदत संपत आली तसा माझा धीर सुटला आणि मी फोन केला. तुम्ही फोनवर सांगून टाकलंत. "आगं, बाहेरनं आलेली बातमी घरात एकाच दारानं घ्यायची. तू दोन दारं ठिवलीयास. एका दारातल्याला वाटतंय पावना आला, दुसऱ्या दारातल्याला वाटतंय आजून यायचाय. मग घरात दोन मतं व्हनारच की. एकच दार ठेव, पावन्याला उंबऱ्यावर जरा उभं कर, आन मग समद्यास्नी एकदम सांग." अर्ध्या तासात मी चिपमधली जोडणी बदलली. मोराची मान बारीक झाली. नान्ना दुपारपर्यंत मागासमोर उभे होते. ते कार्ड अजून चालतंय, अण्णा. मला नोकरी शोधावी लागली नाही ती त्या दिवसामुळे.

आणि मी काय केलं? ग्रुपवर जाऊन लिहिलं, 'सुटलं. धन्यवाद.' बस्स. आपल्या लोकांत याहून मोठं पाप नाही. नियम एकच होता, कुणी लिहून ठेवलेला नव्हता पण सगळे पाळायचे. ज्याचं काम झालं त्यानं परत यायचं, काय चुकलं होतं आणि कशानं सुधारलं ते नीट लिहायचं, आणि मगच उठायचं. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन. "काय सुटलं?" मी म्हटलं, अण्णा, तुम्हीच तर सांगितलंत. "मला ठावं हाय. पन तितं कुटं हाय? उद्या दुसऱ्या कुनाला ह्येच झालं, त्यो शोधत शोधत तुज्या प्रश्नापातूर येनार, आन खाली काय वाचनार? सुटलं, धन्यवाद! डोस्कं आपटंल की त्यो. गरज सरो आन वैद मरो, आसं हाय व्हय तुजं?" मी खळखळून हसले होते. ती म्हण आता माझ्या तोंडून निघत नाही.

मी म्हटलं, तुम्हीच लिहा ना, तुम्हाला दोन मिनिटांचं काम. तुम्ही ठाम नाही म्हणालात. ज्याचं दुखलं त्यानंच लिहायचं, कारण नेमकं कुठं दुखत होतं ते वैद्याला नंतर आठवत नाही, हा तुमचा हेका. मी उद्या लिहिते म्हणाले. ते 'उद्या' बारा वर्षं चाललं. तुम्ही दिवाळीला आमच्याकडे फराळाला आलात तरी चकली तोडता तोडता विचारायचात, "लिवलंस का?" मी म्हणायची, लिहिते की अण्णा, कुठं पळून जातंय?

पळून गेलंच की. कधी गेलं ते कळलंही नाही. आधी ते जर्मनीतले भांडकुदळ म्हातारे गप्प झाले. एकाच्या मुलीनं कळवलं, दुसऱ्याचं कुणी कळवलंही नाही. मग कंपन्यांनी आपल्या लोकांना बाहेर काही विचारायची बंदी केली. मग फोनवर छोटे छोटे ग्रुप निघाले, पुण्याचा वेगळा, हैदराबादचा वेगळा, आणि तिथं प्रश्नांपेक्षा शुभ सकाळच जास्त. आपल्या ग्रुपवर क्लासवाल्यांच्या जाहिराती यायला लागल्या. शेवटी ते सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारं यंत्र आलं, आणि मग चारचौघांत विचारून वाट बघायची कुणाला गरजच उरली नाही. आठवड्याला एखादा प्रश्न यायचा, मग महिन्याला एखादा. मधल्या काळात तुम्ही जुळे सोलापूरचं घर सोडून गावी राहायला गेलात. तिथं घरात नेट आलं तर आलं, तरी रोज सकाळी माळावर जाऊन फोन उंच धरून ग्रुप उघडायचात. गिऱ्हाईक येवो न येवो, म्हातारा वाणी दुकानाच्या फळ्या काढून बसतो, तसे.

यात माझा हात किती, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला तुमचा नंबर पाठ होता, मग मी ग्रुपवर कशाला जाईन? अडलं की फोन. अण्णा, दोनच मिनिटं. माझ्याकडून नंबर घेऊन ग्रुपवरच्या पुण्याच्या दोघांनीही तेच सुरू केलं. मी एकटी जरी तिथं विचारत राहिले असते, तरी कुणीतरी वाचलं असतं, कुणीतरी माझी चूक काढली असती, आणि माणसामागं माणूस येतो. तुम्ही एकदा चिडून म्हणालात, "तुमी समदी माज्या कानात येऊन बोलताय, आन तितं अंदार पडलाय." मी तेव्हा आमटीला फोडणी देत होते, फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवलेला. हो हो म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग या उन्हाळ्यात तुम्ही फोनवर उत्तर देणंच बंद केलंत. "ग्रुपवर टाक. तितं देतो." मला नवं कार्ड चार दिवसांत उभं करायचं होतं. मी गयावया केली, तुम्ही ढिम्म. मला ते इतकं लागलं की मी त्या यंत्राला विचारलं. आणि खोटं कशाला बोलू, उत्तर बरोबर आलं. वर आणखी एक झालं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. सिग्नलबद्दल लिहिता लिहिता त्या यंत्रानं इंग्रजीत लिहिलं, की बाहेरची बातमी घरात एकाच दारानं घ्यावी, दोन दारांनी घेतली तर घरात दोन मतं होतात. पाहुणा, उंबरा, सगळं. तुम्ही ग्रुपवर कुणाला तरी तसंच समजावलं असणार, आणि ते तिथून तिकडं गेलं. मला आधी इतका आनंद झाला, की आमचे अण्णा कुठवर पोचले! मग मी नाव शोधलं. नाव कुठंच नव्हतं.

हे सांगायलाच मी फोन केला होता, अण्णा. आणि तुमचा आवाज ऐकल्यावर राग उसळला आणि भलतंच बोलले. म्हटलं, "तिथं आता कुणी नाही. तुम्ही आहात आणि तुमचा हट्ट आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं तुमचं त्या ग्रुपचं कौतुक." तुम्ही "व्हय," म्हणालात. मग म्हणालात, "तुजं काम झालं न्हवं? मग झालं." आणि फोन ठेवलात. आपलं शेवटचं बोलणं ते. पुढं तीन महिने मी फोन केला नाही. तुम्ही करावा म्हणून वाट बघत होते.

आणि मग एका दुपारी फोन वाजला, वर 'अण्णा' नाव. मी मागाच्या बाजूला वाकून कार्डाचे स्क्रू काढत होते. मनात म्हटलं, आला म्हातारा वळणावर, वाजू दे एकदा, दुसऱ्यांदा वाजला की उचलू. दुसऱ्यांदा वाजला नाही. त्या काकू होत्या. तुम्हाला जाऊन तेव्हा दोन तास झाले होते. मी उलट फोन केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, 'काय अण्णा, उतरला का राग?' हे वाक्य तयार ठेवून. ते वाक्य मी काकूंना बोलले. पूर्ण बोलले.

नातेपुत्याहून आल्यापासून मी तुमचं लिहिलेलं वाचतेय. ग्रुपवर तुमच्या नावावर बोट ठेवलं की सगळं ओळीनं येतं, सगळ्यात नवं आधी. शेवटच्या वर्षात तुम्ही उत्तरं दिलेलीच नाहीत, द्यायला प्रश्न नव्हते. तुम्ही प्रश्न विचारलेत. अगदी साधे, शिकाऊ माणसालाही यावेत असे. कार्डाला वीज दिल्यावर आधी काय तपासावं? चिप हातात धरण्याआधी काय काळजी घ्यावी? हे मी तेव्हाही पाहिलं होतं, आणि नान्नांना हसत सांगितलंही होतं, की आमचे अण्णा आता विसरायला लागले. अण्णा, मला तेव्हा कळायला हवं होतं. कुणी नवा येईल, त्याला हे सोपं वाटेल, तो धीर करून उत्तर देईल आणि मग तिथंच रमेल, म्हणून तुम्ही अडाण्याचं सोंग घेऊन बसला होतात. एकाही प्रश्नाखाली उत्तर नाही.

खरं तर ही तुमची जुनी खोड. माझं लग्न मोडलं तेव्हा सगळी गल्ली मला समजवायला येऊन गेली. तुम्ही आलात, पिशवीतून एक बंद पडलेलं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलंत आणि म्हणालात, "ह्ये बघ जरा. मला जमंना." दोन दिवस मी त्यात डोकं घातलं आणि ते चालू केलं. एवढी साधी चूक तुम्हाला दिसली नसेल, यावर मी विश्वास ठेवला. त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर जेवले होते. तुम्ही त्यावर नंतर कधी चकार शब्द काढला नाहीत, आणि मीही कधी आभार मानले नाहीत.

त्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न होता, आपल्या भांडणानंतर आठ-दहा दिवसांनी टाकलेला. मागावरून येणारा सिग्नल चिपमध्ये दोन ठिकाणी वाचला तर नक्षीची एखादी ओळ दोनदा विणली जाते. असं इथं कुणाला झालं आहे का? कशानं बरं झालं? एवढंच. बाकीचे प्रश्न कुणासाठीही होते. हा एका माणसासाठी होता. तुम्ही मला फोन केला नाहीत, पण रोज सकाळी माळावर जाऊन बघत असणार, की मी लिहिलंय का. आणि मी इकडं फोनकडं बघत, की तुमचा फोन येतोय का.

मी तिथल्या तिथं सगळं लिहून काढलं. मोर, नान्ना, ती मुदत, दोन दारं, कुठं दुखत होतं आणि कशानं थांबलं. तासभर लागला. पाठवायला गेले तर वर पट्टी आली, की बराच काळ उत्तर नसल्यामुळे ही चर्चा बंद करण्यात आली आहे. माझा बारा वर्षांपूर्वीचा प्रश्न शोधून उघडला, तोही बंद. ग्रुप चालवणाऱ्यांच्या पत्त्यावर विनंती पाठवली, ती परत आली, तो पत्ताच आता चालू नाही. नवं काही टाकायला अजून कुणाची मनाई नाही, म्हणून तुमच्या जाण्याच्या त्या चार ओळी तेवढ्या टाकता आल्या. उत्तरही मी वेगळं टाकलंय. पण ते तुमच्या प्रश्नाखाली कधीच जाणार नाही, आणि तुम्ही विचारलं होतंत ते तिथं.

मला तुमची फार आठवण येते. अडलं की हात फोनकडं जातो, आणि हल्ली तर न अडताही जातो. तुमच्यावर रागही येतो. असं न सांगता जायचं असतं का? एकदा तरी सरळ म्हणायचं होतंत, सुजाता, मला तिथं एकटं वाटतंय, ये. मी आले असते. आले असते असं आता म्हणते. तेव्हा कदाचित, बघते अण्णा, असंच म्हटलं असतं.

इथवर लिहिलं आणि जेवायला उठले. परत येऊन बघते तर तुमच्या बातमीखाली 'उत्तरे एक'. उघडलं. कुणी अनोळखी माणूस, कुठल्या देशातला तेही नाही. त्यानं माझ्या चार ओळी वाचलेल्याच नाहीत, नुसतं तुमचं नाव बघितलं आणि खाली तुमच्या नावाची खूण करून तुम्हालाच प्रश्न टाकला. त्याचं कार्ड चाळीस मिनिटं नीट चालतं आणि मग थबकतं. बंद करून चालू केलं की पुन्हा चाळीस मिनिटं. गरम होत नाही, वीज नीट आहे, काय काय तपासलं त्याची यादी दिलीय. सहा दिवस झाले, आता फक्त तुमचाच आधार आहे, असं लिहिलंय.

माझं डोकंच फिरलं. गेलेल्या माणसाला काय विचारता, वरचं वाचता येत नाही का, असं लिहायलाही घेतलं. मग प्रश्न पुन्हा वाचला. चांगला प्रश्न आहे, अण्णा. नीट मांडलाय. तुम्ही हातातला घास ठेवून उठला असतात. मला त्याचं उत्तर येत नाही. यंत्राला विचारलं, त्यानं अदबीनं नऊ कारणं दिली. त्यातली सहा या माणसानं आधीच तपासून बघितली आहेत, आणि उरलेल्या तिनांतलं कुठलं, ते मला ओळखता येत नाही.

तुमच्या कपाटात एखादी वही असेल, काहीतरी टिपून ठेवलेलं असेल, अशी वेडी आशा धरून मी तुमच्या नंबरवर फोन केला. काकूंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"मगाशी टिंग करून वाजला गं ह्यो," त्या म्हणाल्या. "मी चार्जिंगला लावूनच ठिवतीया. बंद पडला आन त्यांचं काय म्हत्वाचं आलं तर? काय आलंय?"

"प्रश्न आलाय, काकू. अण्णांना विचारलंय कुणीतरी."

"मग दे की उत्तर. तुला शिकवलंय न्हवं त्यांनी?"

"मला येत नाही. त्यांची एखादी वही आहे का?"

"वही कुटली? समदं डोस्क्यात." मग त्याच म्हणाल्या, "आगं, मग त्याला म्हनावं, जरा थांब. आलेल्याला आसं माघारी लावायचं न्हाई."

मी तेवढंच लिहिलं, जरा थांबा. कशासाठी, किती वेळ, ते लिहिता आलं नाही. तुम्ही गेलात, हे पुन्हा एकदा लिहायचं धाडस झालं नाही. मिनिटभरात खाली आलं, 'हो सर, थांबतो. खूप आभार.'

तो थांबलाय, अण्णा.